जुन्या घराचे वय

महाराष्ट्रातील खेड्याने आपल्या जमिनीला पूर्वापार दोन रंगांनी ओळखले आहे. जी कसली जाते ती काळी आणि जिच्यावर माणसे वस्ती करतात ती पांढरी; ‘काळी-पांढरी’ एवढे म्हटले की गावाचा सगळा विस्तार सांगून होतो. पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन, परंतु हा शब्द नुसता रंग दाखवीत नाही. गावठाणाची माती पांढुरकी दिसते याचे एक मोठे कारण असे की, ती बऱ्याच अंशी आधीच्या घरांचीच माती असते. पडलेल्या भिंती, चुलीतील राख, शेण, चुना, भुसा आणि गुरांच्या गोठ्यातील ओल यांचे थर पिढ्यानपिढ्या एकमेकांवर बसत गेले आणि त्यांतून ही जमीन तयार झाली. यवतमाळ जिल्ह्यात शहरातील राहते घर आवरून गावाकडील त्याहून जुन्या घरात राहायला जाण्याचा निर्णय जी कुटुंबे घेतात, त्यांच्या निर्णयाचा विचार या शब्दापासून सुरू करणे योग्य ठरते. कारण जुने घर म्हणजे नेमके काय आणि त्याचे वय कशाने मोजायचे, या प्रश्नाचे उत्तर पांढरीच्या मातीतच दडलेले आहे.

या निर्णयाला सामान्यतः ‘परतणे’ असे म्हटले जाते. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस किंवा उमरखेड येथे नोकरीच्या काळात एखाद्या ले-आउटमध्ये, म्हणजे शेतजमीन अकृषिक करून पाडलेल्या भूखंडांच्या वसाहतीत, बांधलेले घर निवृत्तीनंतर रिकामे वाटू लागते. मुले नागपूर, पुणे किंवा हैदराबादला स्थिरावलेली असतात आणि मग वडिलोपार्जित घराचे कुलूप काढण्याचा विचार पुढे येतो. परतणे या शब्दात असे गृहीत धरलेले असते की, सोडून गेलेली वस्तू तिथेच होती तशी उभी आहे आणि माणसाने फक्त तिच्याकडे तोंड फिरवायचे आहे. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ते केवळ भावनेच्या अंगाने नव्हे तर बांधकामाच्या, श्रमाच्या आणि कायद्याच्याही अंगाने चुकीचे आहे. मातीचे घर ही एकदा बांधून ठेवलेली वस्तू नसते. ते दरवर्षी नव्याने केले जाते, म्हणून त्याचे वय त्याच्या भिंतींत नसून त्याच्या डागडुजीच्या अखंडतेत असते.

जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे आणि त्या कातळापासून झालेली कापसाची काळी माती ही येथील शेतीची संपत्ती आहे. परंतु हीच माती बांधकामाची शत्रू ठरते. तिच्यातील चिकण खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची भिंत उभी राहत नाही आणि अशा मातीवर उथळ पाया घातला तर वरची भिंतही तडकते. म्हणून घरासाठी पांढरी माती वापरली गेली. ती कमी फुगते आणि ओलसर असताना कुटून, तुडवून, तणस किंवा भुसा मिसळून तिचे दीड-दोन फूट जाडीचे थर एकावर एक चढवता येतात. या भिंतींवर जंगलातील सागाचे खांब व मयाली, म्हणजे आडव्या मुख्य तुळया, आणि वर बांबूच्या पट्ट्यांवर रचलेली कवेलू असे येथील सामान्य घराचे स्वरूप होते. ज्यांची ऐपत होती त्यांनी चौकाचा वाडा बांधला, दर्शनी भिंतीला पक्की वीट लावली आणि चुन्याचा गिलावा केला. वणी आणि मुकुटबनच्या बाजूला चुनखडीचा खडक असल्याने चुना फार लांबून आणावा लागत नसे. वाड्याच्या आतील बहुतेक भिंती मात्र मातीच्याच राहिल्या.

या घराला दरवर्षी काय लागते याचा हिशेब पाहिला म्हणजे त्याच्या वयाचा अर्थ उलगडतो. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरावी लागतात, म्हणजे छतावर चढून फुटलेली काढणे, सरकलेली बसवणे, खालचा पालापाचोळा झाडणे आणि पुन्हा ओळीने रचणे. पावसाळ्यात भिंतींच्या बुडाशी पाणी साचू नये म्हणून वळचणीखालची जागा उंच करावी लागते. पावसाळा संपला की भिंतींवरचे ओघळ बुजवायचे, दिवाळीपूर्वी पोतारा द्यायचा, म्हणजे पांढऱ्या मातीचे पातळ पाणी भिंतींना फासायचे, आणि वर्षभर ठरावीक दिवशी जमीन शेणाने सारवायची. वाळवीच्या वाटा शोधून त्या मोडाव्या लागतात. जुना पक्का साग वाळवीला बराच काळ दाद देत नाही, परंतु कोवळे लाकूड आणि बांबू देतात. शंभर वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे फारच थोडे उरलेले असते: खांब, मयाल, दाराची चौकट, पायाचे दगड. त्या काळची कवेलू, भिंतींवरचे लिंपण किंवा जमिनीवरचे सारवण यांपैकी काहीच शिल्लक नसते. हे सारे दरवर्षी नवे होत आले, आणि या नवे होण्यामुळेच घर जुने होऊ शकले.

याचा व्यत्यास अधिक कठोर आहे. ज्या मातीच्या घराला कुलूप लागते ते राहत्या घरापेक्षा पुष्कळ वेगाने पडते. एक कवेलू सरकले की त्यातून धार लागते, ती धार भिंतीच्या माथ्यावर पडते, आणि भिजलेली माती आपलेच वजन पेलू शकत नाही. वानरांची टोळी छपरावरून गेली की एका दिवसात अनेक कवेलू फुटतात. कवेलू फेरणारे हात दुर्मीळ झाल्यावर विदर्भातील असंख्य घरांवर टिनाचे पत्रे आले, त्यामागे हेही एक साधे आणि खरे कारण आहे. आतमध्ये चूल पेटत नसल्याने लाकडाला धूर लागत नाही, झाडलोट होत नसल्याने वाळवीच्या वाटा मोडल्या जात नाहीत. काही पावसाळे असे गेले की कुलूप शाबूत राहते आणि मागची भिंत बसते.

शहरातील सिमेंटचे घरही म्हातारे होते, परंतु त्याचे म्हातारपण निराळे असते. स्लॅबमधील लोखंडी सळईला भोवतालच्या काँक्रीटचा क्षारधर्म गंजापासून वाचवीत असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओल हळूहळू आत शिरून तो क्षारधर्म कमी करतात, मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. ही प्रक्रिया अनेक वर्षे डोळ्यांना दिसत नाही. घराने काहीच मागितले नाही अशी समजूत त्या काळात दृढ होते, आणि देखभाल हा संसाराचा नित्य भाग आहे ही जाणीव एका पिढीत नाहीशी होते. ले-आउटमधील घरात तीस वर्षे राहिलेले कुटुंब गावाकडच्या घरी जाते तेव्हा त्याच्याजवळ सामान भरपूर असते. जे नसते ते हे दरसालचे शहाणपण, आणि जुन्या घराला सर्वांत आधी त्याचीच गरज असते.

शासनाच्या परिभाषेने या विसरण्याला अधिकृत नाव दिले. घरांच्या गणनेत मातीच्या भिंतींचे घर ‘कच्चे’ आणि विटा-सिमेंटचे घर ‘पक्के’ ठरते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत सपाट प्रदेशातील लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर असे प्रमाण ठरवण्यात आले. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते अशा कुटुंबांसाठी या योजनेचे मोल मोठे आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात अतिवृष्टीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा मातीची भिंत पाण्यापुढे किती दुबळी असते हेही दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीच्या सांध्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे यांखाली हजारो माणसे गेली, आणि त्यानंतर जुन्या घराविषयीची भीती साऱ्या महाराष्ट्रात घर करून राहिली. तरीही कच्चे आणि पक्के या जोडीत एक दोष आहे. ती घराचे मूल्य केवळ द्रव्यावर ठरवते, देखभालीवर ठरवीत नाही. पारा ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या येथील उन्हाळ्यात दीड फुटाची मातीची भिंत दिवसाची उष्णता कित्येक तास अडवून धरते, उलट पातळ विटांच्या भिंती आणि तापलेला स्लॅब रात्रीही खोलीत उष्णता सोडत राहतात. परंतु हा गुण मोजणारा रकाना त्या नोंदीत नाही.

घर आवरण्याच्या कामात हा फरक वस्तूंच्या रूपाने समोर येतो. जुन्या घरात साठवणीची जागा भिंतीतच असते: कोनाडे, देवळ्या, खुंट्या, फडताळे, डोक्यावरचा माळा, धान्यासाठी जमिनीखालचे पेव आणि कोपऱ्यात बांबूची शेणाने लिंपलेली ढोली. मडक्यांची उतरंड म्हणजे उभी रचलेली कोठीच. बसण्यासाठी ओसरी असते, तिच्या आढ्याला टांगलेली बंगई असते, निजण्यासाठी माजघराची जमीन असते. अशा घराला वेगळे सामान फारसे लागत नाही. ले-आउटमधील घराच्या भिंती सपाट आणि पातळ असतात, त्यांत काहीच ठेवता येत नाही, म्हणून तेथे लोखंडी कपाट, शोकेस, पेटीचा दिवाण, किचन ट्रॉली आणि डबल बेड यांची गरज निर्माण होते. कपाट म्हणजे भिंतीने सोडून दिलेले काम करणारी, हलवता येणारी भिंत होय. घर आवरून ‘छोटा हत्ती’ गाडीत सामान भरणारे कुटुंब, बारकाईने पाहिले तर, एका घराचे अवयव दुसऱ्या घरात नेत असते आणि त्या दुसऱ्या घरात ते अवयव आधीच असतात. डबल बेड जुन्या ठेंगण्या दारातून आत जात नाही ही केवळ मापाची अडचण नाही. कपाट कोनाड्यासमोर उभे केले की कोनाडा मरतो, आणि त्याच्या मागे हवा न लागलेल्या भिंतीला ओल व वाळवी गाठते. काय न्यायचे आणि काय वाटून टाकायचे याचा निर्णय म्हणून आठवणींच्या आधारे न करता नव्या जागेच्या भिंतींकडे पाहून करणे अधिक विवेकाचे ठरते.

आता श्रमाचा प्रश्न. कवेलू फेरणे, लिंपणे, सारवणे, पोतारणे ही कामे आपोआप होत नव्हती. घरातील सारवण, पोतारा आणि लिंपण हे जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे काम होते. सुतार, कुंभार आणि लोहार यांना बलुत्याच्या, म्हणजे कामाच्या मोबदल्यात वर्षाला ठरावीक धान्य देण्याच्या, पद्धतीने बांधून ठेवलेले होते. आणि मोठ्या वाड्यांचे जड काम सालगडी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील माणसे करीत असत, ज्यांना त्याच वाड्याच्या ओसरीवर बसण्याचा अधिकार नव्हता. जुन्या घराची सावली थंड आहे असे म्हणताना ती कोणाच्या उन्हातून आली हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. वाड्याची रचना, कोणी कुठपर्यंत यायचे, विटाळाच्या दिवसांत बाईने कुठे बसायचे, पाणी कोणत्या दाराने द्यायचे, या साऱ्यांचा लिहिलेला नसलेला नकाशा त्या भिंतींत असतो. त्या घरात पुन्हा राहायला जाणारे कुटुंब तो नकाशा बदलल्याशिवाय राहू लागले तर ते केवळ घरात जात नाही, त्या व्यवस्थेतही जाते. सारवण सुनेच्या गुडघ्यांवर टाकून उभे राहणारे जुन्या घराचे प्रेम टिकण्याच्या योग्यतेचे नाही.

शिवाय जुने घर सर्वांजवळ नसते. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत राहणाऱ्या कोलाम समाजाची वस्ती पोड म्हणून ओळखली जाते. तिच्यातील घरे बांबूच्या कुडांना माती लिंपून केलेली असत, आणि फिरती शेती होती त्या काळात पोड आपली जागाही बदलत असे. बंजारा समाजाच्या तांडा या शब्दाचा मूळ अर्थच बैलांवर माल वाहणारा चालता समूह असा आहे. रेल्वे आणि सडका आल्यावर तो व्यापार बुडाला व तांडे एका जागी स्थिरावले. या वस्त्या बहुधा गावाच्या पांढरीबाहेर वसल्या, जशी अनेक गावांत दलित वस्तीही पांढरीच्या कडेला ठेवली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवर शेतीबरोबरच निवासाचा हक्कही मान्य केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण वडिलोपार्जित घर ही कल्पना ज्यांच्या बाबतीत कायद्यानेच अशक्य करून ठेवली होती, त्यांना जुने होऊ शकेल असे घर प्रथमच मिळण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली.

ज्यांच्याजवळ असे घर आहे त्यांच्यातही ते कोणाचे, हा प्रश्न दीर्घकाळ एकाच बाजूने सोडवला गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील कलम २३ हे राहत्या घरापुरते होते: कुटुंब ज्या घरात पूर्णपणे राहत असेल त्याच्या वाटणीची मागणी, पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत, स्त्री वारसाला करता येत नव्हती, मुलीला तेथे राहण्याचा हक्क होता, परंतु ती अविवाहित, विधवा, पतीने टाकलेली किंवा पतीपासून विभक्त असेल तरच. शेतातील वाटा मागता येत होता आणि घरातील मागता येत नव्हता, यातून घर हे पुरुषांच्या परंपरेचे आसन आहे ही समजूत कायद्याने जपली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकीच हिस्सेदार, मानले, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढला आणि कलम २३ ही रद्द केले. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे शहरातील घर आवरून गावी जाऊ पाहणाऱ्या भावाला आज बहिणीच्या संमतीचा विचार करावा लागतो, आणि तसाच तो करायला हवा. सुटकेसच्या तळाशी ठेवलेल्या कागदांचे महत्त्व येथे कळते. सातबारा शेताचा असतो, तो गावठाणातील घराचा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या पत्रिकेवर कोणाकोणाची नावे लागतात यावर पुढच्या पिढीचे जुने घर कोणाचे, हे ठरणार आहे. कुलूपबंद घराच्या बाबतीत गावात हजर असलेल्या एकाच भावाचे नाव लागण्याचा धोका उघड आहे.

वर्धा नदी ओलांडून थोडे गेले की या विषयाचे एक बोलके उदाहरण भेटते. १९३६ साली गांधीजी सेगाव येथे राहायला आले, जे पुढे सेवाग्राम झाले, आणि तेथे आधी आदि निवास या झोपडीत अनेकांसह राहिले. आज बापू कुटी म्हणून ओळखली जाणारी कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी केलेली होती; गांधीजी तिच्यात नंतर राहायला गेले आणि गरजेप्रमाणे तिच्यात भर घालण्यात आली. माती, बांबू, कवेलू आणि शिंदीच्या पानांच्या चटया एवढ्यावर उभी असलेली ही कुटी आजही आहे, आणि ती आहे याचे कारण ती लिंपली जाते व तिची कवेलू फेरली जातात. दुसऱ्याने आपल्या मापाने केलेल्या घरात जाऊन राहणे, त्याच्या भिंतींवरील झाडे-चरख्यांची मातीतील उठाव चित्रे तशीच ठेवणे, आणि तरीही ते आपल्या कामाला जुळवून घेणे, या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळतात. त्या निवासाचे साधेपण अनेकांनी वाखाणले आहे. परंतु त्या घराने रोज मागितलेले काम आश्रमात जात आणि लिंग न पाहता वाटले जावे असा नियम होता, ही बाब वडिलोपार्जित वाड्यात जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने साधेपणापेक्षाही अधिक उपयोगाची आहे.

या विवेचनावरून प्रत्येक कुटुंबाने जुन्या घरात जावेच असा निष्कर्ष निघत नाही. जेथे शौचालय, पाणी आणि दवाखान्याची वाट नाही, जेथे वृद्ध जोडप्याला कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही आणि मुलांकडून वर्षातून एकदाही हातभार लागण्याची शक्यता नाही, तेथे छतावर पत्रे टाकणे, मागची खोली पक्की करणे किंवा घर उतरवणे हेही योग्य निर्णय असू शकतात. उतरवणे आणि पडू देणे यांत मात्र मोठे अंतर आहे. पडलेल्या घरातील साग भिजून, तुटून, चोरीला जाऊन संपतो. वेळेवर उतरवलेल्या घराच्या मयाली, खांब आणि चौकटी दुसऱ्या घराला लागतात, कवेलू शेजारच्या गोठ्यावर चढतात, पायाचे दगड पुन्हा पायात जातात. भिंतींच्या मातीचाही उपयोग वऱ्हाडातील शेतकऱ्याला पूर्वीपासून माहीत आहे. राख, शेण आणि माणसांच्या वस्तीने क्षारयुक्त झालेली ती माती पावसाळ्यापूर्वी बंडीत भरून, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून, शेतात पसरली जाते आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर तिचा पांढुरका पट्टा काळ्या मातीत दिसेनासा होतो.